मुकुटाखालचं पाकीट

शनिवारचं टपाल जर्मानोने रविवारी आणलं, तेही सगळे जेवायला बसल्यावर. रस्त्याच्या टोकाला बोर्बांच्या चारही घरांची मिळून एकच पेटी आहे, आणि तीस वर्षांत ती उघडण्याचा मान त्याने दुसऱ्या कोणाला दिलेला नाही. "काल ट्रकमध्येच राहिलं," असं म्हणत त्याने गठ्ठा गोड पावाच्या टोपलीशेजारी टाकला, वरचंच पाकीट उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"ओलिंडा बोर्बा. काउंटीच्या नोंदणी कचेरीकडून. माई, तुझं आहे."

जर्मानोच्या बहिणीच्या, झुल्मिराच्या, हातातला डाव सोपाशच्या, म्हणजे पाव-मांसाच्या रश्श्याच्या, पातेल्यातच राहिला. ते पाकीट तिने स्वतः गुरुवारी बंद केलं होतं.

नोंदणी कचेरीच्या खिडकीवर तिची बावीस वर्षं गेली होती. जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले तिच्या शिक्क्याशिवाय बाहेर पडत नसत, आणि कोणता कागद कोण कशासाठी नेतं हे आता तिला सांगावं लागत नसे. स्वतःच्या लग्नाचा दाखला आणि लेकराच्या जन्माचा दाखला, दोन्ही एकदम, घाईने, आणि पत्ता मात्र भलत्याच घरचा, अशी बाई पासपोर्टसाठी आलेली नसते. हा अर्ज टपालाने आला होता, पण डावीकडे कललेलं अक्षर तिने ओळखलं. जर्मानोच्या मुलीचं, लिंडाचं, आणि लेकरू म्हणजे तिची लहानगी इसौरा. समुद्रापलीकडच्या बेटावरून इथे आलेल्या आमच्या लोकांत पहिल्या नातीला आजीचंच नाव देतात, त्यामुळे कागदोपत्री लिंडाही ओलिंडा बोर्बाच. पाकीट नवऱ्याच्या हाती पडू नये म्हणून पोरीने आजीचा पत्ता घातला, आणि पेटीची किल्ली बापाच्या खिशात असते हे नेमकं विसरली.

झुल्मिराने हे कोणालाच सांगितलं नव्हतं, लिंडालाही नाही. खिडकीवरचं घरी न्यायचं नाही, हा तिचा नेम होता. आता ते पाकीट लिंडाच्या नवऱ्यापासून हातभर अंतरावर होतं. ते इथे फुटलं असतं तर पोरगी संध्याकाळी त्याच्याबरोबर एकटी घरी जाणार होती, आणि पुढचा विचार झुल्मिराला करवत नव्हता.

दुआर्ते निवांत पाव मोडत होता. देखणा, हसरा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा जावई. त्याच्या ताटाच्या डाव्या अंगाला दोन फोन ठेवलेले होते, एक त्याचा, एक लिंडाचा. "सारखी विसरते कुठेतरी," असं तो सांगायचा, आणि नातेवाईकांना त्याचं कौतुक वाटायचं.

जर्मानोला मात्र या पाकिटात वेगळंच काळंबेरं दिसत होतं. मंगळवारी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, मंडळात मतदान होतं. प्रत्येक दाखल्यामागे चार डॉलर जादा घ्यायचे आणि ते घरातली मारहाण थांबवण्याच्या कामाला द्यायचे, म्हणजे बायकांच्या निवाऱ्याला, शाळांमधल्या वर्गांना, मदतीच्या फोनला. पाच सभासदांपैकी दोन बाजूने होते, दोन विरुद्ध. पाचवा जर्मानो. पंधरा दिवस लोक त्याला गुरांच्या बाजारातसुद्धा सोडत नव्हते. आणि आता, मतदानाला दोन दिवस असताना, त्याच कचेरीतून पाकीट येतं ते त्याच्या आईच्या नावाने, आणि त्या कचेरीत बसते त्याची सख्खी बहीण.

"झुल्मिरा, हे तुझं काम का?"

"माझं काम शिक्का मारायचं. मारला असेल."

"मला शेंड्या लावू नकोस. मंगळवारी माईला माइकपुढे उभी करायचा बेत आहे तुमचा. सभासदाची म्हातारी आई, हातात लग्नाचा दाखला, पेपरात फोटो. मग जर्मानो बोर्बा कसा नाही म्हणतो तेच बघू, असंच ना?"

"तुझ्या मतासाठी मी माईला नाचवीन, असं वाटतं तुला?"

"तू काय करशील याचा नेम नाही. अगं, बाई नवऱ्याला पुरून येते आणि मृत्यूचा दाखला मागते, तिच्याकडून जादा पैसे घ्यायचे? आणि कोणासाठी? आपल्या लोकांत आहेत का असले प्रकार? एक नाव सांग. एक."

झुल्मिराने त्याच्या ताटात मांसाचा तुकडा वाढला, वर पुदिन्याचं पान ठेवलं. नाव तिच्या जिभेवर होतं आणि त्या नावाची मुलगी समोर मान खाली घालून बसली होती.

"बघ," जर्मानो म्हणाला, "नाही सांगता येत."

डेल्फिनाला, म्हणजे जर्मानोच्या बायकोला, मतदानाचं काही पडलं नव्हतं. तिचं लक्ष नणंदेच्या चेहऱ्यावर होतं, कारण तो पांढरा पडला होता. म्हाताऱ्या माणसांनी कागद गोळा करायला सुरुवात केली की पुढे वकील येतो, आणि वकील आला की कालव्याकडची चाळीस एकर येते. ती जमीन सासूच्या माहेरची. सासूबाईंनी ती गुपचूप लेकीच्या नावावर करायची ठरवली असेल, तर हेच ते पाकीट, अशी डेल्फिनाची खात्रीच पटली.

"माईंना दाखला हवा होता तर मला सांगायचं," ती गोड आवाजात म्हणाली. "मी नेलं असतं गाडीतून. चोरून कशाला?"

"चोरून कोण करतंय?" झुल्मिरा म्हणाली.

"तूच सांग."

"भांडू नका हो," दुआर्ते हसला. "वावो, उघडूनच टाका ना. आपल्या माणसांत काय लपवायचंय?" बोलत होता तो आजीशी, पण बघत होता लिंडाकडे. लिंडाचा चमचा मघापासून जागचा हलला नव्हता आणि ते त्याने पाहिलं होतं.

टेबलाच्या टोकाला बसलेल्या आवेलिनोने, जर्मानोच्या बापाने, हात पुढे केला. ब्याऐंशी वर्षं झाली, गुडघे गेले, पण आवाज शाबूत होता. "इकडे आण. या घरातलं टपाल मी उघडतो." दुसऱ्या हाताने त्याने खिशातला चाकू काढलासुद्धा.

ओलिंडा म्हातारीने कसलाच कागद मागवला नव्हता. कचेरीची पायरी चढून तिला पन्नास वर्षं झाली होती. पाकिटावर तिचं नाव होतं खरं, पण या टेबलावर त्या नावाच्या दोघी बसल्या होत्या, आणि त्यांतली एक गेले वर्षभर घास उचलण्याआधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघते हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तिने दोनदा विचारलं होतं. दोन्हीदा लिंडा म्हणाली होती, "काही नाही गं, वावो." ओलिंडाही स्वतःच्या सासूला अगदी असंच सांगायची.

पाकीट आवेलिनोच्या हातात पडायच्या आत तिने ते वरच्यावर घेतलं. लग्नाला सत्तावन्न वर्षं झाली, पण नवऱ्याच्या हातासमोरून तिने काही उचलून घेतल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. बोटांना आत दोन कागद लागले.

"माझं आहे," ती म्हणाली. "मीच मागवलं."

"कशाला?" जर्मानो, डेल्फिना आणि आवेलिनो, तिघांनी एकदम विचारलं.

खोटं एका वाक्यात संपवता आलं असतं. पण दुआर्ते अजून लिंडाकडेच बघत होता, आणि त्याची नजर तिच्यावरून काढायची तर टेबलावर काहीतरी मोठंच टाकायला हवं होतं. मोठं असं ओलिंडाकडे एकच होतं.

"पन्नास वर्षांपूर्वी मागायला गेले होते," ती म्हणाली, "तेव्हा मिळाला नाही."

"माई, काय बोलतेस?"

"जर्मानो, तू तीन वर्षांचा. झुल्मिरा पोटात. दुधाच्या ट्रकमध्ये बसून कचेरीत गेले होते तुला घेऊन. लग्नाचा दाखला दे म्हटलं, आणि या मुलाच्या जन्माचा दे. खिडकीवर आगोश्तिन्यो होता, आपल्या लोकांच्या सणाच्या हॉलच्या समितीतला, आपल्याच बेटावरचा. माझा ओठ फुटलेला होता. त्याने विचारलं नाही कशाने ते. बसा म्हणाला, पाणी दिलं, तुला पण दिलं. आणि आत जाऊन तुझ्या बाबांना फोन केला, की तुझी बायको इथे एकटी आलीय, येऊन घेऊन जा."

ओलिंडाने पाकीट उलटं करून मांडीवर ठेवलं.

"वाईट नव्हता आगोश्तिन्यो," ती म्हणाली. "त्याला वाटलं, आपण चांगलं करतोय. कागद हातात पडायच्या आधी मी घरी पोचले होते. मग घरी काय झालं ते यांना विचारा."

आवेलिनोच्या हातात चाकू तसाच उघडा होता. "मुलांसमोर..." तो म्हणाला.

"मुलांसमोरच झालं होतं सगळं."

जर्मानोला एकाएकी कागदाचा पेला आठवला. पांढरा, खाली टोक असलेला, टेबलावर उभा न राहणारा पेला. लहानपणीची त्याची सगळ्यात पहिली आठवण ती होती आणि आजवर तो समजत होता की ती जत्रेतली आहे. त्याने बापाकडे पाहिलं. मग त्याला बघवेना, म्हणून ताटाकडे पाहिलं.

"म्हणून मागवला," ओलिंडा म्हणाली. "एकदा बघायचा होता मला तो कागद. मला वाटेल तेव्हा उघडीन." तिने पाकीट ॲप्रनच्या खिशात घातलं आणि उठली. "कॉफी टाकते. झुल्मिरा, लिंडा, चला गं."

स्वयंपाकघराचं दार लोटून घेतल्यावर तिने पाकीट नातीच्या हातात ठेवलं. लिंडाने आजीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरून रडायला लागली.

"तिया, तुला माहीत होतं?"

"अर्ज आला तेव्हापासून."

"आणि तू बोलली नाहीस?"

"मी आगोश्तिन्यो नाही," झुल्मिरा म्हणाली. "बेत काय आहे तुझा, ते सांग आधी."

"येत्या गुरुवारी. तो लिलावाला जाणार होता. पण आता नाही जमणार. त्याने पाहिलंय मला. वावोची गोष्ट पटलीय त्याला असं वाटतंय तुम्हाला? घरी गेलं की दार लावून विचारत बसेल, सांगेपर्यंत." ती कुजबुजत होती. "गाडीचे मैल लिहून ठेवतो तो रोज. मी कशी जाऊ?"

ओलिंडाने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात माणसं जमायला लागली होती. आठवडाभर त्यांच्या बैठकीत ठेवलेला पवित्र आत्म्याचा मुकुट आज तीन वाजता वाजतगाजत पुढच्या घरी, मेंडोन्सांकडे जायचा होता. सणाच्या आधीचे सात आठवडे तो असा सात घरं फिरतो. पुढे निशाण, मागे मुकुट, त्यामागे सगळा गाव.

"चालत जाशील," म्हातारी म्हणाली. "सगळ्यांच्या देखत."

तीन वाजता तिने जाहीर केलं की यंदा मुकुट लिंडा नेईल. डेल्फिनाने लगेच हरकत घेतली, कारण मुकुट नेहमी बिनलग्नाची मुलगी नेते आणि तिच्या भाचीने त्यासाठी नवा झगा शिवून घेतला होता. ओलिंडा म्हणाली, "मुकुट माझ्या घरातून निघतोय, कोणी न्यायचा ते मी ठरवीन." मघाच्या जेवणानंतर म्हातारीशी वाद घालायची कोणाची छाती होत नव्हती.

निघण्याआधी घरातल्या मोठ्या मुलाने मुकुट ओठांना लावायचा असतो. जर्मानो वाकला. चांदीच्या तबकावर पांढरी रेशमी घडी होती आणि घडीखालून पाकिटाचा कोपरा दिसत होता. आई वेड्यासारखी आपलं पाकीट मुकुटाखाली का ठेवते, हे त्याला कळेना. मग त्याचं लक्ष तबक धरणाऱ्या हातांकडे गेलं. उजवा अंगठा घडीखालच्या पाकिटावर घट्ट रोवलेला होता. लिंडा बापाकडे बघत होती. तीन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या बाईचे डोळे कसे असतील, ते त्याला दिसलं.

त्याने मुकुट ओठांना लावला आणि सरळ होता होता रेशमी घडी नीट केली. कोपरा झाकला गेला.

झुल्मिरा पायरीशी उभी होती. तो तिच्याजवळ गेला.

"एक नाव सांग म्हणालो होतो मी तुला. भर टेबलावर."

"हो."

"कुठे नेतेस?"

"इसौरा गाडीत झोपलीय, गाडी मेंडोन्सांच्या गोठ्यामागे लावलीय, त्यांची सून बसलीय तिच्यापाशी. तिथून सरळ. फोन केलाय मी."

"पण नेतेस कुठे?"

"दोन तासांवर. दुसऱ्या काउंटीत. आपल्याकडचा निवारा ऑक्टोबरातच बंद पडला, जर्मानो. तुमच्या मंडळापुढेच आलं होतं की ते."

आलं होतं. कितव्या पानावर होतं तेही त्याला आठवलं. तेव्हा तो म्हणाला होता, इथे गरज कोणाला आहे?

तेवढ्यात दुआर्ते कोट झटकत आला. दोन्ही फोन त्याने खिशात घातले होते. "लिंडाला बरं दिसत नाहीये. मी तिच्या शेजारून चालतो. मधेच पडायची."

"मुकुटाच्या बाजूने पुरुष चालत नाहीत," जर्मानो म्हणाला.

असा नियम आमच्याकडे कधीच नव्हता. हे शेजारी उभ्या असलेल्या डेल्फिनाइतकं कोणालाच माहीत नव्हतं, कारण हॉलचे सगळे नियम तिला तोंडपाठ होते आणि दुसऱ्याची चूक काढायची संधी ती सहसा सोडत नसे. तिने तोंड उघडलं. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तबक धरलेल्या लेकीकडे, मग जावयाच्या खिशातून डोकावणाऱ्या दोन फोनांकडे. चाळीस एकर जमीन तिच्या डोक्यातून त्या क्षणी साफ गेली.

"नाहीच चालत," ती म्हणाली. "अपशकुन असतो तो."

"तुला मोठा मान देतोय आज," जर्मानोने जावयाच्या दंडाला धरलं. "निशाण तू घे. पुढे चाल. फक्त एक कर, मेंडोन्सांच्या दारात जाईपर्यंत मागे वळून बघायचं नाही. निशाणवाला वळत नाही."

"अहो सासरेबुवा, पण लिंडा..."

"सगळा गाव बघतोय, दुआर्ते."

गाव खरंच बघत होता, आणि दुआर्तेला गावाने बघितलेलं फार आवडायचं. त्याने निशाण उचललं. बँड सुरू झाला. लाल रेशमाचं ते जड निशाण दोन्ही हातांनी छातीशी धरून तो बदामाच्या बागेमधल्या रस्त्याने ताठ मानेने चालू लागला. त्याच्या मागे वीस पावलांवर लिंडा होती, आणि तिच्यामागे सगळे बोर्बा, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, आज खांद्याला खांदा लावून.

मेंडोन्सांच्या बैठकीत मुकुट चौरंगावर बसला तेव्हा सगळे गुडघ्यावर होते. प्रार्थना लांबली. ती लांबवली ओलिंडाने. नवऱ्यासाठी एक, मेलेल्यांसाठी एक, बेटावर राहिलेल्यांसाठी एक. दारात निशाण धरून दुआर्ते बाहेर तोंड करून उभा होता, कारण प्रार्थना संपेपर्यंत निशाण खाली ठेवत नाहीत, आणि हा नियम मात्र खराच होता.

संपल्यावर त्याने आधी बैठकीत बघितलं, मग अंगणात. मग प्रत्येकाला विचारू लागला.

"लिंडाला पाहिलंत?"

"नाही रे," डेल्फिना म्हणाली.

"इथेच होती," मेंडोन्सांची सून म्हणाली. "की नव्हती?"

"स्वयंपाकघरात बघ."

स्वयंपाकघरातल्यांनी अंगणात बघायला सांगितलं. या लोकांना कोणाच्या गाईने किती दूध दिलं तेही ठाऊक असतं. पण लिंडा बोर्बा कुठे गेली हे त्या दुपारी एकालाही माहीत नव्हतं.

दुआर्तेने फोन काढला आणि तिला लावला. त्याच्याच कोटाच्या दुसऱ्या खिशात घंटी वाजायला लागली. ती बराच वेळ वाजली. कोणी हसलं नाही.

मग त्याला गाडीत बसलेला म्हातारा दिसला. गुडघ्यांमुळे आवेलिनो मिरवणुकीच्या मागून गाडीतून आला होता आणि गाडी गोठ्याच्या बाजूलाच उभी होती. तिथून कालव्याचा रस्ता लांबपर्यंत दिसतो. दुआर्ते तरातरा तिकडे गेला. जर्मानो त्याच्या मागे धावला, पण पोचेपर्यंत प्रश्न विचारून झाला होता.

"तुम्ही पाहिलंत. इथूनच गेली असणार ती. कोणाबरोबर गेली?"

आवेलिनोने दूर पाहिलं, जिथे ओलिंडा मेंडोन्सांच्या पायरीवर उभी होती. तीही त्याच्याकडेच बघत होती, हात ॲप्रनच्या रिकाम्या खिशात घालून. निघालेली बायको कुठे आहे हे कोणी नवऱ्याला कळवलं की पुढे काय होतं, हे त्या अंगणात त्या दोघांइतकं कोणालाच माहीत नव्हतं. जर्मानो गाडीच्या दाराशी येऊन उभा राहिला. बापावर त्याचा काडीचा भरवसा उरला नव्हता.

"मुकुट पोचला ना?" म्हातारा शेवटी म्हणाला. "मग झालं. काच वर घेतो, धूळ येते."

दुआर्ते उलटा बोर्बांच्या अंगणात, स्वतःच्या ट्रककडे धावला. ट्रकसमोर जर्मानोने मिरवणूक निघायच्या आधीच आपला ट्रक आडवा लावून ठेवला होता आणि आता त्याची किल्ली काही केल्या त्याला सापडत नव्हती. तो एकेक खिसा सावकाश उलटा करत होता. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. झुल्मिराची गाडी निघून वीस मिनिटं झाली होती, म्हणजे अजून एक तास चाळीस मिनिटं ती दोघींना घेऊन उघड्या रस्त्यावर असणार होती. आपल्या काउंटीत जागा असती तर पोरगी एव्हाना दाराच्या आत असती, आणि परवा मंगळवारी त्या जागेसाठीचं पाचवं मत जर्मानोचंच होतं.